ईसीजी कोणत्या वेळी काढला?

प्रश्न : आमची मुलगी ९ वर्षांची आहे. गेल्या ६ महिन्यांत तिच्या छातीत ३ वेळा अचानक जोरात धडधडू लागले. ती म्हणते, बटण दाबल्यासारखे सुरू होते आणि तसेच बंद होते. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ती बरी झालेली असते. ईसीजी आणि इको दोन्ही नॉर्मल आले. एका डॉक्टरांनी भीतीमुळे होत असावे असे सांगितले. दुसऱ्यांनी हृदयात जादा वायर असेल, ॲब्लेशन (तारेने ती जागा निकामी करणे) करून टाका असे सुचवले. आम्ही नेमके काय समजावे?

उत्तर : तुमच्या मुलीने वापरलेला 'बटण' हा शब्द माझ्या दृष्टीने त्या दोन्ही तपासण्यांपेक्षा मोलाचा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. भीतीने, धावण्याने किंवा तापाने वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळूच उतरतात. मूल शांत झाले, ताप उतरला, की आकडाही खाली येतो. हृदयातल्या विजेच्या मार्गात दोष असेल तर ठोके एका क्षणात शंभरावरून दोनशेवर जातात, तिथेच ठाम राहतात, मूल रडले किंवा शांत झाले तरी फारसे हलत नाहीत, आणि एका क्षणात पूर्ववत होतात. आणखी दोन गोष्टी तिला विचारा, पण उत्तर सुचवू नका. धडधड चालू असताना गळ्यात काही उडते आहे असे वाटते का? आणि ती थांबल्यावर थोड्याच वेळात भरपूर लघवीला होते का? या दोन्हींची उत्तरे 'हो' असतील तर भीतीचे निदान बाजूला ठेवावे असे मला वाटते.

आता त्या नॉर्मल ईसीजीविषयी. नेहमीचा बारा लीडचा ईसीजी म्हणजे जेमतेम १० सेकंदांची नोंद असते, आणि ती धडधड संपल्यावर घेतलेली असेल तर त्यात धडधडीचे कारण बहुतेक वेळा सापडत नाही. इकोमध्ये हृदयाची रचना आणि पंपाची ताकद दिसते, वीज दिसत नाही. निरोगी हृदयात वरच्या कप्प्यांतली वीज खालच्या कप्प्यांत उतरायला एकच पूल असतो, त्याला एव्ही नोड म्हणतात. काही मुलांत जन्मतःच स्नायूचा एक बारीक धागा दुसऱ्या पुलासारखा शिल्लक राहतो. मग वीज एका पुलावरून खाली उतरते, दुसऱ्यावरून वर चढते आणि गोल फिरत राहते. 'जादा वायर' म्हणतात ती हीच, आणि तिच्यामुळे येणाऱ्या धडधडीला एसव्हीटी म्हणतात. वयात येणाऱ्या मुलांत असाच फेरा एव्ही नोडमधल्याच दोन वाटांमुळे तयार होण्याचे प्रमाण वाढत जाते. हा जादा धागा वरून खालीही वीज वाहत असेल तर एरवीच्या ईसीजीतही त्याची खूण दिसते, ज्या खुणेला डेल्टा लहर म्हणतात. वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट या तीन डॉक्टरांनी १९३० मध्ये हा प्रकार नोंदवला, म्हणून तो डब्ल्यूपीडब्ल्यू या नावाने ओळखला जातो. मात्र अनेक मुलांत धागा फक्त खालून वर वीज नेतो. अशा मुलांचा एरवीचा ईसीजी अगदी निर्दोष असतो. त्यामुळे तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता मला जास्त वाटते, पण तो अजून अंदाज आहे, आणि अंदाजावर ॲब्लेशन ठरवू नये.

आधी धडधड चालू असतानाचा ईसीजी मिळवणे हे पहिले काम आहे. घरी पल्स ऑक्सिमीटर असेल तर तो तिच्या बोटाला लावून पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. कोविडच्या काळात घेतलेला तो अनेक घरांत पडून आहे आणि इथे उपयोगी पडतो. ठोके फार जलद असले की तो कमी आकडा दाखवू शकतो, म्हणून मनगटावर किंवा छातीला हात लावून १५ सेकंद ठोके मोजा आणि चाराने गुणा. मोजता येणार नाही इतके जलद वाटले, तर तीही माहितीच आहे. या वयात विश्रांतीच्या वेळी १८०च्या पुढचा, न हलणारा आकडा एसव्हीटीकडे बोट दाखवतो. तान्ह्या बाळात ही रेघ २२०ची धरतात. एक लीडचा ईसीजी घेणारे स्मार्टवॉच घरात कोणाकडे असेल तर तेही वापरा. होल्टर म्हणजे २४ तास अंगावर बाळगायचे यंत्र. रोज किंवा दिवसाआड त्रास असेल तर त्याचा उपयोग होतो, दोन महिन्यांतून एकदा त्रास असेल तर त्या एका दिवशी तो व्हायलाच हवा असे नाही, आणि 'होल्टर नॉर्मल' या शब्दांनी घरच्यांची खोटी समजूत मात्र होते. त्यापेक्षा घराजवळ आणि शाळेजवळ ईसीजी यंत्र कोणत्या दवाखान्यात आहे हे आजच पाहून ठेवा आणि तिथल्या डॉक्टरांशी आधी बोलून ठेवा: मुलीला आणले की इंजेक्शनच्या आधी, केसपेपरच्याही आधी, ईसीजी काढावा.

मिळालेल्या कागदाची लगेच दोन छायाचित्रे काढा. ईसीजीचा कागद उष्णतेने उमटणारा असतो, वर्षा-दोन वर्षांत तो फिका पडतो. एका वडिलांनी मुलाच्या धडधडीचा एकमेव ईसीजी जपून राहावा म्हणून लॅमिनेट करून आणला होता. यंत्राच्या उष्णतेने तो संपूर्ण काळा पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला, तेव्हा त्यांच्या काळजीचे काय उत्तर द्यावे मला सुचेना. त्या मुलाचे निदान आणखी आठ महिने लांबले.

धडधड सुरू झाली आणि ईसीजी लगेच मिळण्यासारखा नसेल तर घरी काय करावे, हेही तुम्हाला माहीत हवे. तिला निजवा आणि सुई काढलेल्या १० मिलिलिटरच्या रिकाम्या सिरिंजच्या टोकातून दट्ट्या हलवण्याचा प्रयत्न करत १५ सेकंद जोराने फुंकायला सांगा; फुंकणे संपताच तिचे दोन्ही पाय वर उचलून धरा. असे दोन-तीनदा करता येते. डोळ्यांवर दाब देऊ नका आणि मान चोळू नका. हे जुने उपाय घरच्यांनी करणे धोक्याचे आहे. १५-२० मिनिटांत थांबले नाही तर दवाखाना गाठा. चेहरा पांढरा पडला, धाप लागली, छाती दुखू लागली किंवा ती बेशुद्ध पडली, तर एक मिनिटही न थांबता १०८ला फोन करा.

रुग्णालयात ॲडेनोसिन नावाचे इंजेक्शन देतात. त्याचा असर काही सेकंदच टिकतो, म्हणून ते पायाच्या शिरेतून सावकाश दिले तर हृदयापर्यंत पोहोचेतो वाया जाते. कोपराजवळच्या मोठ्या शिरेत, वजनाच्या किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, एका दमात, आणि त्यामागोमाग त्याच वेगाने सलाइन, असे ते द्यावे लागते; थांबले नाही तर मात्रा दुप्पट करतात. मुलीला आधी सांगावे की काही क्षण छातीत दडपल्यासारखे आणि चेहरा गरम झाल्यासारखे वाटेल. मॉनिटरवरची रेघ त्या वेळी दोन-तीन सेकंद सपाट होते, खोलीतला प्रत्येक जण श्वास रोखून बघत असतो, मग एक ठोका पडतो, दुसरा पडतो आणि लय सुरू होते. इतक्या वर्षांनंतरही ते दोन सेकंद मला लांब वाटतात. या सगळ्या वेळात ईसीजीचा कागद धावताच ठेवावा अशी माझी तरुण डॉक्टरांना कळकळीची विनंती असते, कारण फेरा नेमका कुठे तुटला यावरून तो कोणत्या वाटेने फिरत होता हे कळते, आणि एट्रियल फ्लटरसारख्या, म्हणजे वीज वरच्या कप्प्यांतच गोल फिरत राहण्याच्या, प्रकारात धडधड थांबली नाही तरी ठोक्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत खरे निदान उघडे पडते. मुलाचा रक्तदाब ढासळला असेल तर औषधांत वेळ घालवायचा नसतो. किलोमागे अर्धा ते एक ज्यूल इतका, ठोक्याशी जुळवून दिलेला विजेचा शॉक हाच उपाय असतो.

तुमच्या घरात तान्हे बाळ नसले तरी हे उत्तर वाचणाऱ्या कुणाच्या घरात असेल, म्हणून थोडे त्यांच्यासाठी. तीन आठवड्यांचे बाळ 'धडधडते' असे सांगत नाही. ते दूध ओढेनासे होते, ओढताना कपाळावर घाम येतो, रंग राखाडी होतो, किरकिर करून मग गळून जाते, आणि एसव्हीटी एक-दोन दिवस तशीच चालू राहिली तर हृदय थकून फुप्फुसांत पाणी साचू लागते. अशा बाळाला संसर्ग झाला असे समजून अँटिबायोटिक सुरू झालेले मी पाहिले आहे. छातीला स्टेथोस्कोप लावून ठोके मोजता न येणे हीच तिथली खूण होती. रुग्णालयात प्लास्टिकच्या पिशवीत बर्फाचा चुरा आणि पाणी घालून ती पिशवी बाळाच्या कपाळावर आणि डोळ्यांवर, नाक-तोंड मोकळे ठेवून, साधारण १५ सेकंद धरतात. पाण्यात बुडी मारली की हृदयाची गती मंदावण्याची जी उपजत प्रतिक्रिया असते, ती यातून जागी होते. वेरापामिल हे मोठ्यांना चालणारे औषध वर्षाच्या आतल्या बाळाला शिरेतून कधीही देऊ नये. पुढचे काही महिने बहुधा ठोके आवरणारे प्रोप्रॅनोलॉल देतात, गोळी कुटून पुड्या करून. त्याने रक्तातली साखर उतरू शकते. बाळाने दूध टाकले, उलट्या-जुलाब लागले, तर पुडी देण्याआधी डॉक्टरांना विचारावे. समाधानाची गोष्ट ही की यांतल्या बऱ्याच बाळांचा त्रास पहिल्या वाढदिवसापर्यंत आपोआप संपतो, जरी काहींना तो शाळेच्या वयात पुन्हा भेटतो.

आता ॲब्लेशनकडे येतो. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात असा जादा धागा प्रथम छाती उघडून कापला गेला. आज जांघेतल्या शिरेतून बारीक तारा हृदयात नेतात, फेरा मुद्दाम सुरू करून धाग्याची जागा शोधतात आणि तारेच्या टोकाने ती जागा तापवून किंवा गोठवून निकामी करतात. त्रिमितीय नकाशाच्या तंत्रामुळे क्ष-किरणांचा वापर आता पुष्कळ कमी झाला आहे. अनुभवी हातांत यशाचे प्रमाण ९० टक्क्यांच्या पुढे असते. थोड्या मुलांत त्रास परत येतो आणि पुन्हा करावे लागते. खरी काळजी एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे धागा मूळ पुलाला खेटून असेल तर तो पूलच दुखावण्याची. तसे झाले तर मुलाला आयुष्यभर पेसमेकर लागतो. हे क्वचितच होते, आणि अशा जागी बरेच डॉक्टर तापवण्याऐवजी गोठवणे पसंत करतात, कारण थोडे गार करून, पूल शाबूत आहे हे पाहून मगच पुढे जाता येते. १५ किलोच्या आतल्या मुलात नाइलाज असल्याशिवाय ॲब्लेशन करत नाहीत. ९ वर्षांच्या मुलीला वजनाची अडचण सहसा नसते. तुमच्यापुढे तीन रास्त वाटा आहेत: काहीच न करता लक्ष ठेवणे, रोज औषध घेणे, किंवा ॲब्लेशन. धडधड वर्षातून एखाद्-दोनदा येऊन आपोआप थांबत असेल तर मी थांबायला सांगतो. ती वारंवार येत असेल, रुग्णालयात जावे लागत असेल, किंवा त्या भीतीने मुलगी खेळायचे टाळू लागली असेल, तर वर्षानुवर्षे गोळ्या देण्यापेक्षा या वयात ॲब्लेशन बरे असे माझे मत आहे. दमा असेल तर प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळ्या टाळाव्या लागतात, हेही हिशेबात धरा. डेल्टा लहर असून मूल बेशुद्ध पडले असेल तर मात्र वाट पाहू नये, कारण क्वचित अशा धाग्यातून खालच्या कप्प्यांत इतक्या वेगाने वीज उतरते की जीवच धोक्यात येतो. अशा मुलांना डिगॉक्सिन किंवा वेरापामिल देत नाहीत.

एसव्हीटी घाबरवते, पण रचना निरोगी असलेल्या हृदयात तिने जीव जाणे अत्यंत विरळ आहे. मला जास्त काळजी वाटते ती धडधडीची तक्रारच न करणाऱ्या मुलांची. धावताना, पोहताना, रागावल्यावर किंवा गजर वाजल्यावर मूल एकदम कोसळते, हातपाय ताठ होतात, मिनिटभरात ते भानावर येते, आणि घरात 'आकडी' हा शब्द रुजतो. मग वर्षानुवर्षे फिटची गोळी चालू राहते. यातल्या काहींना लाँग क्यूटी असतो, म्हणजे प्रत्येक ठोक्यानंतर हृदयातली वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ (ईसीजीवरचा क्यूटी) लांबलेला असतो, आणि तिथे एरवीचाच ईसीजी बोलका असतो, फक्त तो नीट मोजावा लागतो. यंत्राने छापलेल्या आकड्यावर विसंबू नये. हाताने मोजून, बॅझेट यांच्या १९२०च्या सूत्राने ठोक्यांच्या गतीनुसार दुरुस्त केलेला क्यूटी ४६० मिलिसेकंदांच्या पुढे गेला तर शंका घ्यावी आणि ४८०च्या पुढे ती बळकट धरावी. सीपीव्हीटी नावाच्या दुसऱ्या आजारात विश्रांतीचा ईसीजी आणि इको दोन्ही स्वच्छ असतात. मुलाला ट्रेडमिलवर पळवले की गती वाढताना वेडेवाकडे ठोके दिसू लागतात. म्हणून श्रम करताना किंवा भावनेच्या भरात बेशुद्ध पडलेल्या प्रत्येक मुलाची, फिटचा शिक्का बसला असला तरी, या दोन्ही अंगांनी तपासणी व्हावी असा माझा आग्रह असतो.

अशा वेळी मी घराण्याविषयी विचारतो, आणि 'हृदयविकार आहे का' एवढे विचारून भागत नाही. पट्टीचा पोहणारा कुणी तरुण विहिरीत बुडाला का, कुणी झोपेतच गेले का, असे विचारावे लागते. जन्मतः बहिरेपणा आणि बेशुद्ध पडणे एकत्र असणारा लाँग क्यूटीचा एक प्रकार नॉर्वेत जेर्वेल आणि लांगे-नील्सन यांनी १९५७ मध्ये वर्णिला. त्यात आई आणि वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते, आणि आपल्याकडे मामेबहिणीशी लग्नाची रीत असलेल्या समाजांत त्याचा विचार विशेष करायला हवा. जन्मतः बहिऱ्या मुलाचा कॉक्लिअर इम्प्लांटच्या आधी एक ईसीजी काढणे स्वस्त आहे आणि तो जीव वाचवू शकतो. लाँग क्यूटीत बीटा ब्लॉकरची, म्हणजे प्रोप्रॅनोलॉलच्या गटातली, गोळी एकही दिवस चुकू न देणे हाच उपचाराचा कणा आहे. काहींना आत बसवायचे शॉक यंत्र लागते. उलटीसाठी सर्रास दिले जाणारे ओंडान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन, घशासाठी दिले जाणारे अझिथ्रोमायसिन ही औषधे क्यूटी आणखी लांबवतात, म्हणून वर्ज्य औषधांची यादी अशा मुलाच्या पालकांच्या खिशात असलीच पाहिजे.

ठोके मंद असण्याविषयी थोडक्यात. आईच्या रक्तात अँटी-रो प्रतिपिंडे (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध तयार झालेली) असतील तर गर्भाचा विद्युतमार्ग साधारण १८ ते २४ आठवड्यांत कायमचा दुखावू शकतो. आईला स्वतःला अनेकदा काहीच त्रास नसतो. मिनिटाला ६० ठोके ऐकू आले म्हणजे बाळ गुदमरले असे समजून घाईने सिझेरियन करण्याआधी गर्भाचा इको करून घ्यावा. जन्मानंतर ठोके ५५च्या खाली असतील किंवा हृदय थकत असेल तर पेसमेकर लागतो. तान्ह्या बाळात तारा हृदयाच्या बाहेरून जोडून बॅटरी पोटाच्या भिंतीत ठेवतात. धडधाकट मुलाची नाडी अचानक मंदावली आणि उलट्या होऊ लागल्या तर बिट्टीची, म्हणजे पिवळ्या कण्हेरीची, बी खाल्ली का ते विचारावे. मुले त्या बिया खेळायला घेतात, आणि त्यांतले विष डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाच्याच कुळातले आहे.

एक चूक मात्र मला कोणत्याही मुलाच्या बाबतीत घडू द्यायची नाही. 'हृदय कमकुवत आहे, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी आहे' असा कागद घेऊन मूल येते, प्रत्यारोपणाची भाषा झालेली असते, आणि त्याचे ठोके जागेपणी १७० आणि गाढ झोपेतही १६०च असतात. हृदय कमकुवत झाल्याने ठोके वाढले असे सगळे समजत असतात, पण कधी कधी महिनोन्‌महिने न थांबलेल्या धडधडीनेच ते हृदय थकवलेले असते. इथे होल्टर लावावा आणि झोपेतल्या तासांची नोंद आधी पाहावी. लय दुरुस्त केली की यांतली बहुतेक हृदये काही महिन्यांत पूर्ववत होतात.

तुमच्या मुलीला आज औषधाची गरज दिसत नाही. जुना ईसीजी बालहृदयरोगतज्ज्ञांना मूळ कागदासह दाखवा आणि डेल्टा लहर व क्यूटी या दोन्हींविषयी स्पष्ट विचारा. ती कधी बेशुद्ध पडली नसेल तर तिला खेळू द्या. फक्त निदान होईपर्यंत पोहायला एकटी पाठवू नका. पुढे ॲब्लेशन ठरले आणि खर्चाचा प्रश्न आला तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसते का याची चौकशी करा. आणि एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा तिच्या दप्तरात ठेवा. त्यावर तिचे वजन, तुमचे दोन फोन क्रमांक, शाळेजवळच्या ईसीजी असलेल्या दवाखान्याचे नाव, आणि मोठ्या अक्षरांत एवढेच लिहा : 'धडधड सुरू झाल्यास वेळ लिहून ठेवा, तिला निजवा, आणि थांबायची वाट न पाहता आधी ईसीजी काढून घ्या.'